सांधाही वाकला पाहिजे

मोडलेला रॉड टेबलावर आला की गिऱ्हाईक गोष्ट सांगायला लागतं. मासा केवढा होता, रीलमधून दोरी कशी सुटली, मिऱ्याच्या दगडांवर पाय कसा घसरला. मी ऐकतो, हुंकार देतो, पण लक्ष असतं मोडलेल्या टोकावर. ते पुष्कळदा वेगळंच बोलतं. तंतू लांबलांब फाटून कुसळं निघाली असतील तर बहुधा खरंच ओझं आलेलं असतं. कडा गोल आणि स्वच्छ असेल तर तिथे आधीच काहीतरी झालेलं होतं. फेकताना शिशाचं वजन कधीतरी काठीवर आपटलं, डिकीत पाना तिच्यावर पडला, किंवा उघडा गळ महिनोन्महिने नळीला टोचत राहिला. अशी काठी त्या दिवशी मोडत नाही. पुढे कधीतरी साध्या फेकीत, लहानशा शिंगाळ्यावर मोडते आणि माणूस म्हणतो, ‘काही नव्हतं हो, अचानकच गेली!’

तिसरा प्रकार घरातल्या पंख्याचा. नवा रॉड जोडून, रील लावून माणूस दिवाणखान्यात उभा राहतो आणि पाहुण्यांना दाखवायला तो वर करतो. पुढचं सांगायला नको. दुकानात येईपर्यंत त्या पंख्याचा मोठा तांबोशी झालेला असतो, पण काठीवर पात्याचा पांढरा रंग घासलेला असतो. मी काही बोलत नाही. पंखेही मीच दुरुस्त करतो, त्यामुळे दोन्ही पक्ष माझ्याकडेच येतात.

मूळ धंदा मोटर वायंडिंगचा. रत्नागिरीच्या आसपास विहिरींवरचे, बागांमधले पंप जळतात. त्यांच्या मोटरी उघडायच्या, जळकी तार उपसायची, नव्या तांब्याच्या तारेच्या कॉइली भरायच्या, वार्निश पाजून भाजायच्या. रॉड दुकानात शिरले ते कुवेतहून सुट्टीवर आलेल्या एका भाईंमुळे. त्यांच्या रॉडची एक रिंग निखळली होती आणि मुंबईला पाठवायला वेळ नव्हता. ‘तुम्ही दिवसभर तार गुंडाळता, मग दोरा गुंडाळायला काय हरकत?’ असं म्हणून त्यांनी रॉड टेबलावर ठेवला. आखातातून येणारी आपली माणसं चांगले रॉड आणतात, आणि विमानाच्या सामानात त्यांची टोकं मोडतात. एकाने दुसऱ्याला सांगितलं. मग खाडीवर गरवणारे मास्तर आले, बँकेतले आले, गणपतीला गावी येणारे चाकरमानी आले. आता दुकानाची एक भिंत रॉडांची आहे.

आतून हा रॉड म्हणजे पोकळ नळी, बुडाशी जाड आणि टोकाला निमुळती होत गेलेली. आम्ही तिला ब्लँक म्हणतो. राळेत भिजवलेलं कार्बनचं किंवा काचतंतूंचं कापड तिरक्या मापात कापतात, निमुळत्या पोलादी सळईवर घट्ट गुंडाळतात, वरून पट्टी आवळतात आणि भट्टीत भाजतात. मग सळई ओढून काढतात, पट्टी सोलतात. काही ब्लँकवर त्या पट्टीचे बारीक कंगोरे बोटाला लागतात, ते घासून काढायचं कारखान्याने टाळलेलं असतं. मला ते आवडतात. घासायचं म्हणजे थोडे तंतूही जाणार.

आता ही नळी वाकवा. वाकताना ती चपटी व्हायला बघते. बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते, आणि गोल तोंड लंबगोल होऊ लागतं. हे चपटं होणं आडवे तंतू रोखून धरतात. ते जिथे तुटले, तिथे नळी चेपते आणि फुटते. म्हणूनच साधा ओरखडा घातक ठरतो. म्हणूनच रॉड उभा करून मासा उचलणं हा त्याच्यावरचा सगळ्यात मोठा अत्याचार. जेटीवर उभं राहून माणूस खालच्या माशाला वर घेतो, काठीचं बूड आभाळाकडे जातं, आणि सगळं वजन टोकाकडच्या पेन्सिलीपेक्षा बारीक भागावर येतं. जाड भागाला कामच उरत नाही. वीतभर पुढे हात सरकवून काठी मधे धरणारेही तेच करतात: बुडाकडची सगळी ताकद मुठीखाली निकामी आणि भार मुठीच्या पुढे.

माझं खरं काम या मोडीपासून सुरू होतं. टोकाची काही इंच गेली असतील तर सोपं: तिथे कापायचं, मापाची टिप गरम गोंदाने बसवायची. मापंही दोन घराण्यांची, जपानी टिपा मिलिमीटरमध्ये आणि अमेरिकी इंचाच्या चौसष्टाव्या भागात, त्यामुळे कॅलिपर हातात हवाच. काठी थोडी ताठर होते, हलकं आमिष तिला पूर्वीसारखं फेकता येत नाही. हे गिऱ्हाइकाला आधी सांगावं लागतं. मोड मधे असेल तर आत नळी घालावी लागते. माळ्यावर मोडक्या काठ्यांचा ढीग ठेवलाय तो याचसाठी. त्यातला, निमुळतेपणा जुळेल असा तुकडा शोधायचा. बुडाच्या जाड बाजूने तो आत सोडला की घसरत घसरत मोडीच्या तोंडाशी येऊन घट्ट अडकतो आणि हवा तेवढा बाहेर डोकावतो. वरचा भाग त्याच्यावर चढतो. मंद सुकणारा इपॉक्सी, दोन्ही तोंडांवर दोऱ्याचे आवळ वेढे, चोवीस तास हात लावायचा नाही.

ऐकायला सोपं. पण गिऱ्हाइकाची एकच मागणी असते, ‘एकदम मजबूत करा,’ आणि मला ती पुरी करायची नसते. वायंडिंगच्या धंद्यात जास्त वार्निश, जास्त घट्ट, जास्त जाड असं सहसा चालून जातं. रॉडमध्ये नाही. आत जाड, कडक तुकडा लांबलचक घातला, वर दोऱ्याचा गठ्ठा आणि राळेचा थर चढवला, तर सांधा मोडत नाही हे खरं. तो वाकतही नाही. काठीची कमान तिथे येऊन थांबते, सरळ होते आणि सांधा संपला की एकदम वाकते. सगळा ताण त्या कडेवर साठतो. काठी पुन्हा मोडते ती सांध्याला लागून, बोटभर वर किंवा खाली, आणि माणूस म्हणतो, ‘सांधा तर शाबूत आहे, काठीच रद्दी निघाली.’ काठी रद्दी नसते. सांध्याने तिचा बळी घेतलेला असतो.

म्हणून आतला तुकडा मी मूळ काठीपेक्षा किंचित मऊ निवडतो. कार्बनच्या काठीतही कधी काचतंतूचा घालतो. त्याची दोन्ही टोकं आतून-बाहेरून घासून पातळ करतो, म्हणजे ताठरपणा एकदम सुरू होत नाही आणि एकदम संपत नाही. दोराही दोन्ही तोंडांशी थोडाथोडा, मधे उघडं. दिसायला सांधा कमजोर वाटतो. लोक बोट लावून बघतात आणि त्यांच्या चेहऱ्यावर शंका येते. मग मी काठी टेबलाच्या पट्टीत अडकवतो, टोकाला दोरी बांधून वाकवतो आणि त्यांना बाजूला उभं राहून बघायला सांगतो. कमान सांध्यातून न अडखळता गेली पाहिजे. बोटांपेक्षा डोळ्यांवर माणसाचा विश्वास लवकर बसतो.

रिंगांची जागाही याच वाकवण्यातून ठरते. छापील तक्ते मिळतात, पहिली रिंग रीलपासून इतक्या अंतरावर, दुसरी इतक्या. मी त्यांनी सुरुवात करतो, संपवत नाही. रिंगा चिकटपट्टीने तात्पुरत्या लावायच्या, त्यांतून दोरी ओवायची, काठी वाकवायची. दोन रिंगांमध्ये दोरी कमानीला सोडून सरळ जाताना दिसली की तिथे रिंग कमी आहे किंवा लांब आहे. ती सरकवायची, पुन्हा वाकवायची. सात फुटी काठीला सात-आठ रिंगा लागतात. स्वस्त रॉडला पाचच लावून वाचवलेले पैसे दोरीच्या रेघेत दिसतात.

या धंद्यात मतभेदांनाही तोटा नाही. ब्लँक गुंडाळताना कापडाचा शेवट एका बाजूला एकावर एक येतो, त्यामुळे ती बाजू जरा ताठ राहते. तिला स्पाइन म्हणतात, आणि ती शोधून रिंगा तिच्या हिशेबाने लावल्या नाहीत तर रॉड हातात वळतो असं मानणारे जुने कारागीर आहेत. मला ते पटत नाही. रिंगा वरच्या बाजूला असल्या की भाराखाली काठी वळायला बघते ती दोरीच्या ओढीमुळे, स्पाइन कुठेही असो. मी ब्लँक फिरवून बघतो ती कुठल्या बाजूने सरळ दिसते ते, आणि रिंगा त्या रेषेत लावतो. वाकडा रॉड कुणालाच आवडत नाही.

जुनी रिंग काढताना ब्लेड फक्त रिंगेच्या धातूच्या पायावर चालवायचं, काठीवर कधी नाही. पायाखाली काय सापडेल सांगता येत नाही. समुद्राचं पाणी दोऱ्याखाली शिरून बसतं. वरून चकचकीत दिसणारी रिंग आत गंजून भुगा झालेली असते. रिंगेच्या आतलं कडं सिरॅमिकचं असतं, साधं ॲल्युमिनियम ऑक्साइडचं किंवा महागडं सिलिकॉन कार्बाइडचं. त्याला केसाएवढी चीर गेली तर डोळ्याला दिसत नाही, पण विणलेली बारीक दोरी तिथे कातरली जाते आणि लोक दोरीच्या कंपनीला शिव्या देतात. मी कापसाचा बोळा आतून फिरवतो. चीर असेल तर कापूस अडकतो. दोरीवरची निम्मी भांडणं या बोळ्याने मिटतात.

दोरा गुंडाळणं हा माझ्या जुन्या हाताचा भाग. काठी आडवी दोन खाचांत ठेवून फिरवायची, दोरा एकाला एक लागून बसला पाहिजे, वेढा वेढ्यावर चढता कामा नये. ताण सारखा राहण्यासाठी शिलाई मशिनची टेन्शनची चकती लावलीय. ती मिळण्याआधी दोरा जुन्या टेलिफोन डिरेक्टरीच्या पानांतून ओढून घेत होतो आणि तेही उत्तम चालत होतं. शेवटी दोऱ्याचं टोक आपल्याच वेढ्यांखालून फासाने ओढून घ्यायचं. गाठ कुठेच नाही. बोटीवरची माणसं दोरखंडाचं टोक उसवू नये म्हणून अशीच बांधतात, त्यामुळे मिरकरवाड्याचा एक जुना तांडेल माझं काम बघून शिकवायलाच बसला आणि त्याचा हात माझ्यापेक्षा साफ निघाला.

दोऱ्यावर इपॉक्सी चढतो तिथे कोकण आडवं येतं. दोन भाग अगदी समान लागतात, म्हणून ते सिरिंजने मोजायचे, सावकाश ढवळायचे, ॲल्युमिनियमच्या पन्नीवर पसरायचे, नाहीतर वाटीत आपल्याच उष्णतेने लवकर घट्ट होतात. बुडबुडे स्पिरिटच्या दिव्याची ज्योत जवळून फिरवली की फुटतात. मग काठी तासन् तास हळूहळू फिरत राहिली पाहिजे, नाहीतर राळ खाली ओघळून पोट सुटतं. त्यासाठी जुन्या मायक्रोवेव्हच्या ताटलीखालची मोटर लावलीय. आपल्या विजेवर मिनिटाला पाच-सहा फेरे घेते, याहून बरी गती विकत मिळणार नाही. पण कुणी डोक्याला खोबरेल लावलेलं बोट दोऱ्यावर ठेवलं की राळ तिथून मागे सरते आणि गोल खड्डे पडतात. माझ्या दुकानात ओला रॉड लटकत असताना कुणाला हात लावू देत नाही, त्यावरून मला तुसडा समजणारे पुष्कळ आहेत.

आणि पाऊस. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी, समुद्र गढूळ, दगडांवर उभं राहवत नाही. बहुतेक गरवणारे तेव्हाच रॉड दुरुस्तीला आणतात. फक्त खाडीवाले थांबत नाहीत. जिताड्याची त्यांना तेव्हाच आशा असते. म्हणजे वर्षातलं सगळ्यात जास्त काम अशा दिवसांत, जेव्हा हवेतल्या ओलाव्याने इपॉक्सीवर दुधी चिकट साय धरते. मी लाकडाची लांब पेटी केलीय, आत पिवळ्या उजेडाचे जुने बल्ब. हवा कोरडी होते, वीजबिल वाढतं. पावसात रॉड चार दिवसांत मागणाऱ्याला मी सरळ नाही म्हणतो. गडबडीत चढवलेला थर पुन्हा खरवडून काढणं हे नव्या कामापेक्षा दुप्पट.

जुना धंदा आणखी एका ठिकाणी उपयोगी पडतो. बाजारात ‘कार्बन’ लिहिलेले पुष्कळ रॉड काचतंतूचे असतात. मोडलेल्या कडेवरचा रंग घासून उघड्या तंतूंना मी मल्टिमीटरची टोकं लावतो. कार्बनमधून वीज वाहते, काट्याला जाग येते. काचेतून काही नाही. हे बघून काहींचे चेहरे उतरतात, ते उगाच. काचतंतूचा रॉड जड असतो, पण मार खातो, खूप वाकतो, दगडांत अडकलेला गळ ओढायला आणि पोराच्या हातात द्यायला तोच बरा. कार्बन जितका भारी आणि ताठ, तितका ठिसूळ. वीज वाहण्याची गोष्ट मात्र मी चेष्टेवारी नेत नाही. मेघगर्जना ऐकू आली की कार्बनची काठी खाली ठेवावी, आणि पुलाजवळून जाणाऱ्या विजेच्या तारांखाली ती उभी करून चालू नये. हे प्रत्येकाला सांगतो, मग तो कितीही अनुभवी असो. तोच कार्बन खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमला चिकटून राहिला तर ॲल्युमिनियम खातो. रील बसते त्या खोबणीत पांढरी भुकटी दिसली तर ती रेती नव्हे.

काचतंतूचे रॉड आले तेही एका दुरुस्तीतून. अमेरिकेत ओहायोमध्ये प्लास्टिकच्या धंद्यातले आर्थर हॉवल्ड नावाचे रसायनतज्ज्ञ होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांच्या बांबूच्या रॉडचं टोक मोडलं आणि चांगला बांबू मिळेना, म्हणून त्यांनी काचतंतू आणि राळ वापरून टोक बनवलं. युद्धानंतर शेक्सपियर कंपनीने त्या रीतीने रॉड विकायला काढले. ज्या चिनी बांबूवाचून त्यांचं अडलं त्याच्या आधी उत्तम रॉड होत होते ते आपल्याकडच्या बांबूचे. परदेशात त्याला ‘कलकत्ता केन’ म्हणत, आणि विसाव्या शतकात चीनमधल्या ग्वांगडोंगच्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली.

असा एक चिरलेल्या बांबूचा रॉड माझ्याकडे आला होता, एका जुन्या वाड्याच्या माळ्यावरून, कापडी पिशवीत. इंग्रज अंमलदार घाटावरच्या नद्यांत महसीर धरत असत. हेन्री सुलिवन थॉमस या मद्रास इलाख्यातल्या अधिकाऱ्याने तर ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक 1873 मध्ये मंगळुरात छापलं. त्याच परंपरेतला कुणीतरी जाताना हा मागे सोडून गेला असावा, असं घरच्यांचं म्हणणं. मी तो आठवडाभर नुसता बघत होतो. सहा त्रिकोणी पट्ट्या, माथा आत आणि बांबूची साल बाहेर, एकमेकींना चिकटवून केलेली षट्कोनी काठी. बांबूचे सगळ्यात दाट, ताकदीचे तंतू सालीखालीच असतात; म्हणून आतला भुसभुशीत गाभा घासून टाकायचा आणि सालीची बाजू राखायची. सांध्यांच्या टोप्या जर्मन सिल्व्हरच्या. रेशमी दोरा वार्निश पिऊन इतका पारदर्शक झालेला की खालची साल दिसत होती. आणि इंचाइंचावर बारीक बांधणी, कारण करणाऱ्याचा आपल्या सरसावर पुरता भरवसा नव्हता. त्याचं बरोबर ठरलं. जनावरांच्या कातडी-हाडांचा सरस कोकणच्या हवेत मऊ पडला होता आणि मधल्या तुकड्याच्या पट्ट्या सुटून हलत होत्या.

मालकांना तो पुन्हा चालता हवा होता. मी पट्ट्या सोडवल्या, जुना सरस कोमट पाण्याने धुतला, वाळवल्या, नव्या गोंदाने चिकटवून दोऱ्याने आवळून सरळ पट्टीला बांधल्या. वाळल्यावर काठी हातात घेतली तेव्हा कळलं की हिची चाल वेगळी. कार्बन लगेच सरळ होतो. ही वाकते, जरा थांबते, मग परत येते. त्या थांबण्यात फेकीची वेळ चुकते आणि दोरी पायाशी पडते. मला ती फेकता आली नाही, हे मालकांना सांगून टाकलं. त्यांनी ती भिंतीवर लावली. माझ्या मते तिची तीच जागा योग्य, पण सांधे निदान आता हलत नाहीत.

आमच्याकडे गरवणाऱ्या जुन्या माणसांना यातलं काही लागत नाही. माणगा हा इथला बांबू बुडाशी जवळजवळ भरीव असतो. त्याची सरळ काठी तोडून, सावलीत वाळवून, टोकाला दोरी बांधून ते खाडीवर बसतात. मोडली तर दुसरी. ते माझं गिऱ्हाईक कधीच नव्हते, आणि दुकानावरून जाताना आत लटकलेल्या काठ्यांकडे बघून हसतात.

पैशाचा हिशेबही हसण्यासारखाच आहे. हजार-दीड हजाराच्या रॉडला मधला सांधा करणं परवडत नाही. मी तसं सांगतो, तरी माणसं करून घेतात. कुणाला तो वडिलांनी दिलेला, कुणाच्या पहिल्या जिताड्याचा. वाद होतात ते भारी रॉडवाल्यांशी. भाट्याच्या खाडीवर जाणारा एक तरुण कंत्राटदार परवा तावातावाने आला. गेल्या वर्षी मी त्याच्या रॉडला मधे सांधा केला होता. ‘काका, गॅरंटी म्हणाला होतात!’ मी गॅरंटी म्हणालो नव्हतो, कधीच म्हणत नाही, पण रॉड घेतला आणि आधी सांधा बघितला. दोऱ्याच्या कडेला राळ तडकली नव्हती, कुठे पांढरी रेघ नव्हती. मोड होती तिथून तीन हात वर, टोकाकडे.

‘मासा कुठून घेतलास?’

‘जेटीवरून. चांगला तीन-चार किलोचा होता.’

‘दांड्याचं जाळं?’

‘गाडीत राहिलं होतं.’

मी काठी पट्टीत लावली, उरलेल्या टोकाला दोरी बांधून ओढली आणि त्याला बाजूला उभं केलं. कमान सांध्यातून नीट गेली. तो बराच वेळ बघत राहिला, मग त्याने दोरी स्वतःच्या हातात घेऊन आणखी ओढली. मी ओढू दिली. नवी टिप, वरची एक रिंग सरकवून पुन्हा बांधायची, काठी फूटभर आखूड होईल, हलकं आमिष आता विसर, असं सांगितलं. पैसे किती ते सांगितल्यावर त्याने घासाघीस सुरू केली.

‘आणि जाळं केवढ्याला येतं काका?’ त्याने निघताना विचारलं. मी रॉडपेक्षा पुष्कळ स्वस्त म्हणालो आणि पावतीवर तारीख घातली, पाऊस असल्यामुळे दहा दिवसांनंतरची.